सूर्य मावळत नाही, बर्फ वितळत नाही!

दोस्तांनो, या आठवड्याचा लेख माझ्या नावावर छापला जाईल, पण त्याचं खरं श्रेय तलासरीच्या एका मैत्रिणीचं आहे. ती तिथल्या आश्रमशाळेत आठवीत शिकते. ‘माझं नाव छापू नका, वर्गात चिडवतील’ असं तिने बजावलंय, म्हणून नाव देत नाही. पण तिचं पत्र मात्र वाचाच :

“आमचे सर म्हणाले, ध्रुवावर सूर्य सहा महिने मावळतच नाही. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी उगवलेला सूर्य दुपारपर्यंत रस्त्याचं डांबर पातळ करतो, चप्पल चिकटते. मग सहा महिने सतत ऊन पडल्यावर ध्रुवावरचा बर्फ नुसता वितळायलाच नाही तर उकळायला हवा. तो तसाच कसा राहतो?”

आहे की नाही फक्कड शंका? शाबास! भूगोलाच्या पुस्तकात ‘ध्रुवीय प्रदेशात अतिशय थंडी असते’ हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो. पण सूर्य समोर असताना थंडी का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. चला तर, आज हिचं डांबर आणि ध्रुवावरचा बर्फ यांचा हिशोब लावूनच टाकू.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. सरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे. उत्तर ध्रुवावर मार्चच्या २०-२१ तारखेच्या सुमारास सूर्य उगवतो तो थेट सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या सुमारास मावळतो. मग सहा महिने त्याचं दर्शन नाही. दक्षिण ध्रुवावर याच्या बरोबर उलट. म्हणजे तिथे वर्षाला एकच दिवस आणि एकच रात्र! आपल्या जुन्या ग्रंथांत मेरू पर्वतावरच्या देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, असं म्हटलंय. अशा वर्णनांवरून लोकमान्य टिळकांनी १९०३ साली एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं मत मांडलं. ते मत आजचे अभ्यासक मानत नाहीत. पण वर्षाचा एक दिवस ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी.

आता प्रश्नाकडे वळू. त्याचं अर्धं उत्तर तुमच्या घरातल्या बॅटरीत आहे.

रात्री दिवा मालवा आणि बॅटरीचा झोत भिंतीवर अगदी सरळ टाका. लहानसं, लख्ख गोल चकतं दिसेल. आता बॅटरी तिरपी करा. चकतं लांबट होईल आणि फिकटही. बॅटरी तीच, सेल तेच, पण तेवढाच उजेड जास्त जागेत पसरला. उन्हाचंही तसंच. डहाणू आणि तलासरी विषुववृत्तापासून साधारण २० अंश उत्तरेला आहेत. मेच्या २०-२१ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २३-२४ तारखेला भर दुपारी सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात डांबर वितळतं ते उगाच नाही!

ध्रुवावर मात्र सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. वर्षातल्या सगळ्यात उंच दिवशीही तो क्षितिजापासून जेमतेम साडेतेवीस अंश वर चढतो आणि तेवढ्याच उंचीवरून दिवसभर गोल गोल फिरत राहतो. साडेतेवीस अंश म्हणजे किती? मार्च महिन्यात डहाणूच्या किनाऱ्यावर सकाळी सव्वाआठ-साडेआठला सूर्य जेवढा वर आलेला असतो, तेवढा. तेव्हा तुमची सावली तुमच्या उंचीच्या सव्वादोन पटीहून लांब पडते. ध्रुवावर उभे राहिलात तर तुमची सावली त्याहून लहान कधी होणारच नाही. म्हणजे तिथे सहा महिने ऊन असतं हे खरं, पण ते सहा महिने सकाळचं कोवळं ऊन असतं!

“कळलं,” तुम्ही म्हणाल, “ऊन तिरपं म्हणून थंडी. संपला प्रश्न.”

थांबा, थांबा! इथेच बहुतेक जण फसतात. आपली तलासरीची मैत्रीण एवढ्यावर ऐकणारी नाही. ती विचारेल, ऊन कोवळं असलं तरी चोवीस तास पडतंय ना? थेंबे थेंबे तळे साचे. मग उष्णता का साचत नाही?

आणि गंमत अशी की तिचा हिशोब बरोबर आहे. डिसेंबर महिन्यात दक्षिण ध्रुवावर, हवेच्या अगदी वरच्या थरापाशी, चोवीस तासांत जेवढं ऊन पोचतं ते त्या दिवशी विषुववृत्तावर पोचणाऱ्या उन्हापेक्षाही जास्त असतं! सूर्य तिरपा खरा, पण सुट्टी न घेता काम करतो ना. आणि तरीही त्याच डिसेंबर-जानेवारीत दक्षिण ध्रुवावरचं सरासरी तापमान असतं शून्याखाली २८ अंश सेल्सिअसच्या आसपास. हा तिथला उन्हाळा, बरं का! हिवाळ्यात पारा शून्याखाली ६० अंशांपर्यंत उतरतो.

मग एवढं ऊन जातं कुठे?

ते आल्या पावली परत जातं.

हे समजायला आणखी एक प्रयोग करा. दोन सारखे रिकामे पत्र्याचे डबे घ्या. एकाला बाहेरून चुना लावा, दुसऱ्याला चुलीची काजळी फासा. दोन्हींत सारखंच पाणी भरा, झाकणं लावा आणि तासभर उन्हात ठेवा. मग बोट बुडवून बघा. काळ्या डब्यातलं पाणी जास्त गरम लागेल. दोघांवर ऊन सारखंच पडलं, पण काळ्याने ते पोटात घेतलं आणि पांढऱ्याने परतवून लावलं. वारली घरांच्या भिंती आठवा. गेरूने रंगवलेली गडद भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रं. ती चित्रं एवढी उठून दिसतात, कारण तांदळाचं पीठ आपल्यावर पडलेला बराचसा उजेड आपल्या डोळ्यांकडे परत पाठवतं आणि गेरू तो गिळून बसतो.

ताजा बर्फ पिठाहूनही पांढरा. त्याच्यावर पडलेल्या १०० भाग उन्हापैकी ८० ते ९० भाग तो सरळ आकाशात परत पाठवतो. उघड्या समुद्राचं पाणी याच्या उलट. ते १०० पैकी ९० हून जास्त भाग शोषून घेतं. तुमचं डांबरही त्याच जातीचं. आता कळलं चप्पल का चिकटते ते?

म्हणजे थंडीमुळे बर्फ आहे हे जितकं खरं, तितकंच बर्फामुळे थंडी आहे हेही खरं. बर्फच बर्फाला राखतो! हे वाक्य नीट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

तुम्हाला पुरावा हवा असेल तर तो थेट अंटार्क्टिकावर मिळेल. चला, डहाणूहूनच निघू. नकाशात डहाणू सापडतं साधारण ७२.७ अंश पूर्व रेखांशावर. तिथे पट्टी ठेवा आणि सरळ दक्षिणेला रेघ ओढत जा. मुंबईला चाटून रेघ अरबी समुद्रात उतरेल. पुढे लक्षद्वीपमधलं कवरत्ती, मग मालदीव. विषुववृत्त ओलांडलं की चागोस बेटं. त्यानंतर हजारो किलोमीटर नुसतं पाणी. शेवटी शेवटी हर्ड नावाचं एक बर्फाळ, निर्मनुष्य बेट थोडं डावीकडे राहील. आणि सुमारे १०,००० किलोमीटर गेल्यावर रेघ अंटार्क्टिकाच्या बर्फाला टेकेल. तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर पूर्वेला कोण आहे माहीत आहे? आपलंच ‘भारती’! २०१२ साली सुरू झालेलं भारताचं संशोधन केंद्र. जहाजावर माल भरतात तसले १३४ कंटेनर एकमेकांना जोडून ते उभारलंय. म्हणजे डहाणूच्या जेट्टीवरून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात, तर पार पलीकडच्या काठावर साधारण समोरच आपली माणसं काम करताहेत.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद जहूर कासिम तिचे नेते होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया गेल्या. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या अदिती पंत. जन्म नागपूरचा, कॉलेजचं शिक्षण पुण्याचं आणि अभ्यासाचा विषय समुद्र. ध्रुवावर बायका कशाला, असं म्हणणारी माणसं त्या काळी जगभर होती. या दोघींनी त्यांना कामातूनच उत्तर दिलं.

त्याच मोहिमेत भारताचं पहिलं केंद्र उभं राहिलं. नाव ‘दक्षिण गंगोत्री’. ते उभारलं होतं समुद्रावर पसरलेल्या जाड बर्फाच्या थरावर. आता आपलं वाक्य आठवा, बर्फच बर्फाला राखतो. दर वर्षी वरून नवं हिम पडायचं, ते वितळायचं नाही, साचत जायचं. होता होता ते अख्खं केंद्र बर्फात गाडलं गेलं आणि १९९० साली ते बंद करावं लागलं.

दुसरं केंद्र ‘मैत्री’. ते १९८९ मध्ये सुरू झालं. या वेळी आपल्या शास्त्रज्ञांनी जागा निवडली ती किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत, शिरमाखर नावाच्या खडकाळ टेकड्यांमध्ये. चहूकडे बर्फ आणि मध्येच ही उघडी, करडी-तपकिरी जमीन. खडक गडद, म्हणून तो ऊन पोटात घेतो. उन्हाळ्यात त्याच्या आसपासचा बर्फ वितळतो आणि लहान-मोठी तळी भरतात. ‘मैत्री’ला पाणी मिळतं ते अशाच एका तळ्यातून. त्याचं नाव प्रियदर्शिनी. ‘भारती’सुद्धा अशाच खडकावर आहे. बघा, सूर्य तोच आणि ऊनही तेच. पांढऱ्या जमिनीवरचं केंद्र गाडलं गेलं आणि काळ्या खडकावरचं टिकलं! तुमच्या चुन्याच्या आणि काजळीच्या डब्यांचाच हा मोठा अवतार.

बर्फावर फिरताना शास्त्रज्ञ काळे चष्मे का लावतात तेही आता सांगता येईल. तिथे ऊन वरून जेवढं येतं, जवळजवळ तेवढंच खालून उसळून परत येतं. चष्मा नसेल तर डोळे इतके भाजून निघतात की काही काळ दिसेनासं होतं. कधी कधी तर हनुवटीच्या खालची कातडीही करपते!

पण दोन्ही ध्रुव सारखेच थंड असतात असं समजू नका. हा फरक तुम्हाला डहाणू-तलासरीतच बघता येईल. जानेवारीतल्या पहाटे तलासरीकडच्या पाड्यांवर शेकोट्या पेटतात, लोक घोंगड्या पांघरून बसतात. त्याच वेळी डहाणूच्या किनाऱ्यावर त्या मानाने ऊबदार असतं. उलट मे महिन्यात दुपारी तलासरी जास्त तापते. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून तो शेजारच्या गावाला सांभाळून घेतो. जमीन मात्र उतावळी. ती झटकन तापते आणि झटकन गार पडते.

उत्तर ध्रुव म्हणजे, समजा, डहाणू. तिथे जमीनच नाही! चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला समुद्र आहे आणि त्याच्यावर गोठलेल्या पाण्याचं काही मीटर जाडीचं झाकण. खाली चार किलोमीटर खोल पाणी. हे पाणी बर्फाहून ऊबदार असल्यामुळे थंडी कितीही वाढली तरी तिला खालून थोडा अडसर असतो. उन्हाळ्यात तिथलं तापमान शून्याच्या आसपास येतं.

दक्षिण ध्रुव म्हणजे तलासरी. पण कसली तलासरी! समुद्राने वेढलेलं, भारताच्या चौपटीहून मोठं खंड. आणि त्यावर रचलेला बर्फाचा डोंगर. ध्रुवाच्या जागी बर्फाची जाडी आहे सुमारे २,७०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाई त्या बर्फात बुडेल आणि वर आणखी एक किलोमीटर बर्फ उरेल. उंचावर गेलं की हवा गार होते, हे महाबळेश्वरला गेलेल्यांना ठाऊक आहे. दक्षिण ध्रुव महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच आहे. २१ जुलै १९८३ रोजी अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक या रशियन लोकांच्या केंद्रात पारा शून्याखाली ८९.२ अंशांवर गेला होता. जमिनीवर थर्मामीटरने मोजलेली ही आजवरची सगळ्यात कडक थंडी.

आणि एवढा बर्फ साठला म्हणजे तिथे हिमाचा धो धो पाऊस पडत असेल, असं वाटलं ना? मुळीच नाही. दक्षिण ध्रुवाजवळ वर्षभरात जेवढं हिम पडतं, त्याचं पाणी केलं तर डहाणूला आषाढात एका जोरदार दिवशी पडतं त्याहूनही कमी भरेल. अंटार्क्टिका म्हणजे चक्क वाळवंट आहे. पण पडलेलं हिम वितळतच नाही. लाखो वर्षं थरावर थर बसत गेले. थेंबे थेंबे तळे साचलंय ते इथे!

आता शेवटचा भाग. हा जरा मन लावून वाचा, कारण यात तुमचंही काही गुंतलंय.

बर्फच बर्फाला राखतो, असं आपण म्हटलं. पण राखणदारच कमी होऊ लागला तर? आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळतो. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे उत्तर ध्रुवाकडचं बर्फाचं झाकण थोडं वितळलं. जिथे पांढरा बर्फ होता तिथे गडद पाणी उघडं पडलं. चुन्याच्या डब्याच्या जागी काजळीचा डबा आला! त्या पाण्याने जास्त ऊन शोषलं, ते तापलं आणि शेजारचा आणखी बर्फ वितळला. एका नुकसानातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. १९८० च्या सुमारास उन्हाळ्याच्या अखेरीसही तिथे ७० लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र गोठलेला राहत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो उरला सुमारे ३४ लाख. जवळजवळ निम्मा! गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा तिप्पट-चौपट वेगाने तापलाय, त्याचं एक मोठं कारण हेच.

“वितळेना का,” कुणी म्हणेल, “तो तिकडे साडेसात हजार किलोमीटरवर आणि आम्ही इकडे.”

पेल्यात पाणी घ्या, त्यात बर्फाचा खडा टाका आणि पातळीवर खूण करा. खडा वितळला तरी पाणी खुणेवरच राहील. तरंगणारा बर्फ वितळून पाणी वाढत नाही. म्हणजे उत्तर ध्रुवावरचं झाकण गेलं तरी त्यामुळे समुद्र थेट वर येणार नाही. आता पेल्यात एक दगड असा ठेवा की त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील. पातळीवर खूण करा आणि बर्फाचा खडा त्या दगडावर ठेवा. या वेळी तो वितळला की पाणी खुणेच्या वर चढेल. हा दगड म्हणजे अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड. त्यांच्यावरचा बर्फही आता दर वर्षी घटतोय आणि तापलेलं पाणी फुगतं तेही वेगळंच. या सगळ्यामुळे सध्या जगातला समुद्र वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वर येतोय. दोन टाचण्यांच्या डोक्यांएवढं म्हणा ना. पण दर वर्षी! आपण किती इंधन जाळतो त्यावर अवलंबून, २१०० सालापर्यंत समुद्र सुमारे ३० सेंटीमीटरपासून १ मीटरपर्यंत चढेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

ज्यांनी डहाणू, चिंचणी, बोर्डी किंवा झाईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येचं उधाण पाहिलंय, त्यांना मीटरभर पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. उधाणाला पाणी आधीच सुरूच्या झाडांच्या मुळाशी येतं. त्यात वीतभर जरी भर पडली तरी कुणाच्या दारात, कुणाच्या विहिरीत, कुणाच्या वाडीत खारं पाणी शिरायचं. म्हणजे नकाशावरची आपली रेघ नुसती शाईची नाही. तिच्या त्या टोकाला जे वितळतं, ते या टोकाला चढतं.

पण घाबरून बसू नका. उद्या सगळा अंटार्क्टिका वितळणार आहे, असली भाकितं कुणी सांगितली तर खुशाल हसा. एवढा बर्फ संपायला शतकानुशतकं लागतील. वेग किती राहणार हे मात्र माणसांच्या हातात आहे. तो मोजायला आणि समजून घ्यायला माणसं लागणार आहेत. ‘भारती’ आणि ‘मैत्री’चा कारभार बघणारी संस्था काही फार लांब नाही. गोव्यातल्या वास्कोला आहे. अदिती पंतही कधी काळी आठवीतच होत्या की!

तर तलासरीच्या मैत्रिणी, तुझं उत्तर थोडक्यात असं : ध्रुवावर ऊन पडतं, भरपूर पडतं. पण ते तिरपं पडतं आणि बर्फ त्यातलं बहुतेक परत पाठवतो. तुझं डांबर ते परत पाठवत नाही. एवढाच फरक. आणि तो राहावा म्हणून बर्फाचं पांढरेपण जपायला हवं.

आता सगळ्यांसाठी या वेळचा गृहपाठ. २० किंवा २१ मेला दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक काठी सरळ उभी करा आणि दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजा. सावली पार नाहीशी झाली तर ती वेळ लिहून ठेवा. डहाणू-तलासरीहून लांब राहत असाल, तर तुमच्याकडे सावली कोणत्या तारखेला नाहीशी होते ते शोधून काढा. आणि तारीख वेगळी का आली, ते कारणासकट मला कळवा.

पत्राची वाट पाहतोय. नाव छापू नका म्हणालात, तर नाही छापणार!